पिकअप नंतर, आधी ब्रेक

आमचं गॅरेज साताऱ्याबाहेर, हायवेच्या सर्व्हिस रोडला. बारावी झाली की पोरं वडिलांना घेऊन विचारायला येतात. पोराचा प्रश्न ठरलेला, "काका, पिकअप कुठल्या गाडीला चांगलं?" वडील विचारतात, "ॲव्हरेज किती देईल?" ब्रेकचा विषय दोघंही काढत नाहीत.

मी पोराला गाडीवर बसवतो आणि इंजिन बंद ठेवून ती चार पावलं मागे घ्यायला सांगतो. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, क्लासिक ३५० साधारण १९५ किलो. चढावर, डबलसीट, गर्दीत थांबावं लागलं की हे वरचे ८० किलो एका पायावर येतात. दोन्ही तळवे नीट टेकत नसतील, तर गाडी कितीही देखणी असो, पहिली म्हणून घेऊ नका. शिकायला १०० ते १२५ सीसी पुष्कळ झाली. (बुलेट कुठं पळून जात नाही.)

२०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्याखालच्यांना सीबीएस असतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्याआधीची जुनी गाडी घेत असाल तर यातलं काही नसेलही. तिथे टायरची नक्षी, चेन-स्प्रॉकेट आणि पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय का, हे बघा. रंगावर भुलू नका.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, ही भीती बहुतेकांना घरातूनच मिळते. खरं तर ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं पडतं. म्हणून गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं. फक्त तो एकदम आवळायचा नाही. आधी हलका, वजन पुढे आलं की घट्ट, आणि हँडल सरळ. वळणावर किंवा खडीवर आवळलात तर मात्र पडलातच. रिकाम्या मैदानात तीसच्या स्पीडला हे हाताला वळण लावून घ्या.

साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. ब्रेककडे बोट जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं. आमच्याकडे उसाच्या हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागे कित्येकदा दिवाही नसतो. हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल, तेवढाच वेग ठेवा. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा त्याहूनही कमी.

हेल्मेट आयएसआय मार्कचं घ्या आणि पट्टा लावा, नुसतं डोक्यावर ठेवू नका. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने ते सक्तीचं आहे. तेव्हा गाडीच्या बजेटमध्येच दोन हेल्मेटचे पैसे धरा.