इंजिन एकच, मग मोठ्याचा पंप का बसवू नये?

उसाचा हंगाम तोंडावर आला की कुंभार पिंपळगावच्या गॅरेजांपुढे ट्रॅक्टर उभे राहू लागतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, घनसावंगी तालुक्यात ऊस वाढला आणि त्याबरोबर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरही वाढले. तीर्थपुरीच्या कारखान्याकडे भरल्या ट्रॉल्या घेऊन निघाल्यावर चढावर ट्रॅक्टरने दम टाकू नये, एवढीच मालकाची अपेक्षा. त्यातूनच एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. "साहेब, माझ्या ट्रॅक्टरचं अन् त्या मोठ्या मॉडेलचं इंजन एकच हाये. मिस्त्री म्हणतो, मोठ्याचा पंप अन् नोझल बसवतो, पाच-सात एचपी वाढतील. बसवू का?"

प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. एकच इंजिन अनेक ठिकाणी बसवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली. तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन पुढे महिंद्राच्या जीपमध्येही आले. जुन्या मिस्त्र्यांनी त्यामुळेच जीपचे सामान ट्रॅक्टरला आणि ट्रॅक्टरचे जीपला लावून पाहिले. काही बसले, चालले. पण जीपमध्ये इंजिनाला जास्त फेरे फिरावे लागतात, ट्रॅक्टरमध्ये कमी फेऱ्यांवर दिवसभर ओढावे लागते. म्हणून गव्हर्नर आणि पंपाची मापे दोन्हीकडे निराळी. बोल्टाची भोके जुळली म्हणजे काम जुळले, असे होत नाही.

आता डिझेल इंजिनात ताकद येते कुठून ते पाहू. टर्बो नसलेले इंजिन प्रत्येक फेऱ्याला ठरावीकच हवा ओढते. ताकद वाढवायची म्हणजे पंपातून डिझेल वाढवायचे. कंपनीने थोडी जागा राखून ठेवलेली असते, त्यामुळे पंप वाढवला की सुरुवातीला फरक पडतोच. मिस्त्री खोटे बोलत नाही. ट्रॅक्टर खरोखर ओढतो आणि मालक चार जणांना सांगतो. मात्र हवेच्या हिशेबापेक्षा जास्त गेलेले डिझेल पुरते जळत नाही. काही काळ्या धुरावाटे जाते, काही लायनरवरून उतरून ऑईल पातळ करते. जे उशिरापर्यंत जळत राहते, ते पिस्टनचा माथा आणि हेड तापवते.

मोठ्या मॉडेलला ही उष्णता सोसते, कारण त्याचा रेडिएटर मोठा असू शकतो, क्लच प्लेट रुंद असते, गिअर आणि मागचा धुरा जाड असतो, कधी पिस्टनही वेगळा असतो. आपण आणतो फक्त पंप. बाकीचे सगळे त्या ट्रॅक्टरबरोबर राहते.

मागे गावातल्या एका मालकाने हेच केले. पंप मोठ्या मॉडेलचा, नोझलही त्याचेच. टायमिंग मिस्त्रीने कानाने लावले. दोन महिने ट्रॅक्टर जोरात चालला. मग रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले. ते रोज ओतत राहिले. पुढे हेड गॅसकेट गेले, ते बदलले, आणि पंधरवड्यात एका पिस्टनचा माथा वितळला. इंजिन उघडले तेव्हा हंगाम भर रंगात होता. टोळी फडात बसून, मुकादमाचा तगादा, उचलीतले उरलेले पैसे इंजिनकामात. क्लच प्लेटही जळाली होती, हे शेवटी कळले.

मग दुसऱ्या मॉडेलचे काहीच लावू नये काय? तसेही नाही. फिल्टर, गॅसकेट, वॉटर पंप, लायनर-पिस्टन किट हे सामान अनेकदा दोन्हीकडे तेच असते. पण दुकानदाराच्या "बसतंय हो" वर जाऊ नये. जुन्या सुट्या भागावरचा पार्ट नंबर आणि कंपनीच्या पार्ट पुस्तकातला नंबर ताडून पाहावा. पंप, नोझल आणि टर्बो यांना मात्र हात लावू नये. साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो बसवणे तर अधिकच धोक्याचे.

ताकद खरेच कमी पडत असेल तर आधी गेलेली परत मिळवावी. आपल्या काळ्या मातीची धूळ ऑईल बाथ एअर क्लीनर लवकर भरते. मळणीच्या दिवसांत तो रोज पाहावा. टॅपेट, नोझलचा दाब आणि पंप कॅलिब्रेशन मशीनवर तपासून घ्यावेत. चाक घसरत असेल तर वाढलेले एचपी मातीत जातात. शेतात दहा ते पंधरा टक्के घसर चालते, त्यापुढे वजन किंवा टायरमधले पाणी पाहावे. बुदनीच्या केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात त्या मॉडेलची पीटीओ ताकद आणि डिझेलचा खप दिलेला असतो. आपल्या ट्रॅक्टरकडून किती अपेक्षा धरायची, ते त्यावरून कळते.

पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून नवे धूर-नियम लागू झाले. त्यांतल्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचे माप संगणक ठरवतो, तिथे स्क्रू फिरवण्याचा प्रश्नच नाही. पंपाचे सील तुटलेले दिसले की वॉरंटीचा दावा अडतो. शिवाय आरसी पुस्तकातील नोंदीशी न जुळणारा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच आधी पाहते.

त्या मालकाने नंतर मूळ पंप कॅलिब्रेट करून बसवला. ट्रॉलीत ऊस थोडा कमी भरतात, खेप एखादी जास्त होते. ज्यांना हंगामापूर्वी पार्ट नंबर ताडून पाहायचा आहे, त्यांनी पंपावरची पत्र्याची पट्टी रॉकेलने पुसून तिचा फोटो घेऊन यावे. नंबर पुसट असला तरी पट्टी काढून टाकू नका.