थायरॉइडची गाठ, लेखांक ६ : रॅस सापडलं, म्हणजे नेमकं काय सापडलं?

मागच्या लेखांकात आपण एफएनएसीपर्यंत आलो होतो. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढायच्या आणि बेथेस्डा पद्धतीच्या सहा वर्गांपैकी एकात त्या बसवायच्या. दुसरा वर्ग म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कॅन्सर. घोडं अडतं ते तिसऱ्या-चौथ्या वर्गात. तिथे पॅथॉलॉजिस्टला ठामपणे काही लिहिता येत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नसतो. फॉलिक्युलर ॲडिनोमा आणि फॉलिक्युलर कॅन्सर यांच्या पेशी सारख्याच दिसतात. कॅन्सरच्या पेशी आवरण भेदून बाहेर पडलेल्या किंवा रक्तवाहिनीत शिरलेल्या असतात, एवढाच फरक. सुईत पेशी येतात, आवरण येत नाही. म्हणून निदानासाठी अर्धी ग्रंथी काढायची आणि त्यातल्या बऱ्याच गाठी शेवटी साध्याच निघायच्या.

जनुकं हा पेच सोडवतील अशी अपेक्षा होती. पण सगळ्या खुणांना ‘कॅन्सर आहे की नाही?’ हा एकच प्रश्न विचारणं मला चुकीचं वाटतं. बीरॅफ जनुकातला व्ही६००ई हा बदल सापडला, तर पॅपिलरी कॅन्सर जवळजवळ नक्की. तो सापडला नाही म्हणून गाठ निर्दोष ठरत नाही, कारण पॅपिलरीच्याही कितीतरी गाठींत तो नसतो. रॅसचं प्रकरण आणखी अवघड. त्यातले बदल ॲडिनोमात आढळतात, कॅन्सरमध्ये आढळतात आणि एनआयएफटीपी नावाच्या गाठीतही आढळतात. याच गाठीच्या नावातून २०१६ साली ‘कॅन्सर’ हा शब्द वगळला गेला. गाठ कशामुळे वाढू लागली हे रॅसवरून कळतं. आवरण फुटलं का, हे कळत नाही.

उलट टोकाचा प्रश्न, म्हणजे गाठ साधी आहे का, हा अमेरिकेतल्या अफर्मा चाचणीने घेतला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा २६५ अनिश्चित गाठी होत्या. त्यांपैकी ८५ कॅन्सरच्या निघाल्या आणि ७८ चाचणीने बरोबर हेरल्या होत्या. मात्र १८० साध्या गाठींपैकी ८७ गाठींवरही तिने ‘संशयित’ असा शिक्का मारला. म्हणजे संशयित हा शेरा नाणेफेकीच्याच तोडीचा; पण साध्या म्हटलेल्या १०० गाठींपैकी ९३ खरोखरच साध्या होत्या. २०१८च्या सुधारित चाचणीत साध्या गाठी ओळखण्याचं प्रमाण ५२ वरून ६८ टक्क्यांवर गेलं.

सुटलेल्या सात कॅन्सरांचं काय, हा आक्षेप रास्त आहे. पण यातले बहुतेक कॅन्सर सावकाश वाढतात आणि गाठीवर सोनोग्राफीने लक्ष ठेवता येतं. ऑपरेशनही फुकटात होत नाही : स्वरयंत्राच्या नसेला इजा होऊ शकते, आणि पूर्ण ग्रंथी काढली तर कॅल्शियम घसरण्याचा धोका आणि जन्मभराची गोळी. रॅस असलेली गाठ पुढे बिघडेल, असंही कोणी म्हणेल. काही बिघडतातही, पण त्यावरून फार तर अर्धी ग्रंथी काढण्याचं समर्थन होतं, पूर्ण ग्रंथी काढण्याचं नाही. रॅसच्या जोडीला टर्ट जनुकातला बदल सापडला, तर मात्र गाठ आक्रमक असण्याची शक्यता वाढते आणि हिशेब बदलतो.

तेव्हा रिपोर्टवर नुसतं ‘म्यूटेशन पॉझिटिव्ह’ असं दिसलं, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारा : कोणतं जनुक, आणि सोबत आणखी कोणतं?