"कौलं छान झाली आहेत हो!"

मंडळी, आज आम्ही आमच्या चुकीपासूनच सुरुवात करतो. आम्ही चौघांनी दोन मिनिटांची एक संगणकीय ॲनिमेशन फिल्म करायला घेतली. गोष्ट साधी: वाड्याच्या कौलांवर पतंग अडकलाय आणि एक मुलगा तो काढू पाहतोय. चार महिने आम्ही वाडाच बांधत बसलो. एकेक कौल, त्यावरचं शेवाळ, खांबांवरची नक्षी. मुलाच्या हालचालींसाठी उरले जेमतेम पंधरा दिवस. फिल्म ओळखीच्यांना दाखवली, तर सगळे म्हणाले, "कौलं छान झाली आहेत हो!" मुलाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

आता हिशेब बघा. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे दोन मिनिटांना २,८८०. संगणकाने एकेक चित्र पूर्ण करणं म्हणजे रेंडरिंग. त्याला चित्रामागे दहा मिनिटं धरली, तर एक संगणक अखंड २० दिवस चालवावा लागतो. चूक सापडली की तेवढा भाग पुन्हा. म्हणून काय गाळायचं, हे आधी ठरवावं लागतं. आम्ही ते सगळ्यात शेवटी ठरवायला गेलो.

१९८६ सालची पिक्सारची 'लक्सो ज्युनिअर' आठवा. दिग्दर्शक जॉन लॅसेटर. लांबी दोन मिनिटांच्या आसपास. दोन टेबललॅम्प, चेंडू, मागे अंधार. कॅमेरा जागचा हलत नाही. दिव्यांना ना डोळे ना तोंड, तरी धाकटा दिवा मूल वाटतो. का? त्याच्या दांड्या आणि स्प्रिंगा आखूड केल्या, टोपी लहान केली. बल्ब मात्र मोठ्या दिव्याएवढाच ठेवला. बल्ब काही वाढत नाही, तो दुकानातून आणतात! त्यामुळे अंगाच्या मानाने डोकं मोठं, अगदी लहान मुलासारखं. उरलेलं काम हालचालीचं: उडी मारण्याआधी दबणं, चेंडू फुटल्यावर मान खाली घालणं.

ही फिल्म दाखवल्यावर संगणकतज्ज्ञ जिम ब्लिन लॅसेटरकडे आले. आता सावल्यांच्या तंत्राबद्दल विचारणार, असं लॅसेटरना वाटलं. ब्लिननी विचारलं, मोठा दिवा आई आहे की बाबा? तंत्रज्ञ माणूस तंत्र विसरून गोष्टीत गुंतला होता. आमच्याकडे नेमकं उलटं घडलं होतं.

मग आम्ही वाडा काढून टाकला. एक भिंत, मुलगा आणि वरून लोंबणारा मांजा, एवढंच ठेवलं. आधी साध्या ठोकळ्यांवर सगळी हालचाल बसवली. ठोकळा दमलेला दिसेपर्यंत रंगाला हात लावायचा नाही, असा नियमच केला. लांबी ४० सेकंदांवर आणली; म्हणजे ९६० चित्रं, त्याच हिशेबाने १६० तास. एका आठवड्याच्या आत.

चार महिन्यांची कौलं पुसताना जीव तुटला, हे खोटं कशाला सांगू नये! पण या वेळी फिल्म संपल्यावर एका लहान मुलीने विचारलं, "त्याला पतंग मिळाला का?"