दहा गुंठ्यांचा एक ग्रॅम

वरवंडवरून पुणे-सोलापूर महामार्गाने धावणाऱ्या नव्या मोटारसायकलींत कोळशाचा एक लहानसा डबा असतो. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतून पेट्रोलची वाफ उडते, ती हा कोळसा धरून ठेवतो. गॅरेजमध्ये त्याला कॅनिस्टर म्हणतात. गाडी चालवणाऱ्याला बहुधा त्याची कल्पनाही नसते.

हा कोळसा इथवर पोचायला अडीचशे वर्षे लागली. कोळसा वायू ओढून घेतो हे शील या रसायनशास्त्रज्ञाने 1773 मध्ये दाखवले. 1785 मध्ये लोवित्झ या रसायनशास्त्रज्ञाने रशियात कोळशाने द्रावणांचा रंग काढला. पुढे साखर शुद्ध करणाऱ्यांनी तो उचलला. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन वायू सोडला गेला आणि कोळसा सैनिकांच्या मुखवट्यात गेला. अमेरिकेत 1918 मध्ये त्यासाठी लोकांकडून पीचच्या बिया आणि अक्रोडाची टरफले गोळा केली गेली.

करवंटीसारखा कच्चा माल आधी जाळून कोळसा करायचा, मग आठशे-नऊशे अंशांच्या वाफेने त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडायची. अशा एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. चार ग्रॅममध्ये एक एकर! पेट्रोलच्या वाफेतल्या बेंझीन, टोल्युईन यांचे रेणू या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. आणि बेंझीनने कर्करोग होतो; म्हणूनच देशाच्या 2009 च्या हवेच्या मानकांत त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम ठेवली आहे.

कॅलिफोर्नियात 1970 च्या मोटारींना हा डबा लागला. आपल्याकडे चारचाकींत तो आधी आला. दुचाकींत 1 एप्रिल 2017 पासूनच्या बीएस-4 या वाहन-प्रदूषणाच्या नियमांनी पसरला आणि 2020 च्या बीएस-6 ने पक्का झाला. बंद खोलीत गाडी ठेवून उडालेली वाफ मोजतात; बीएस-6 मध्ये दुचाकीला दीड ग्रॅमची मर्यादा आहे. मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की इंजिन चालू झाले की ताजी हवा कोळशातून ओढली जाते, धरलेली वाफ इंजिनात जळते आणि कोळसा पुन्हा रिकामा होतो. मालकाला काही लक्षात ठेवावे लागत नाही.

याच रस्त्याने पाटस ओलांडून पुढे गेले की कुरकुंभची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या वासाच्या तक्रारी जुन्या आहेत. रसायनांच्या कारखान्यांत द्रावकांची वाफ अडवायला कोळशाचे थर वापरता येतात, पण तिथे सगळे माणसाच्या हातात असते. थर भरला की वाफ सरळ पलीकडे निघते, आणि बाहेरून तो भरलेला की रिकामा हे कळत नाही. पावसाळ्यातली दमट हवा त्याची जागा खाते. मिथेनॉल त्यात फारसे टिकत नाही. अमोनियासाठी आम्ल मुरवलेला कोळसा लागतो. कीटोनची वाफ असेल तर थर तापून पेटूही शकतो. म्हणून ‘कोळसा बसवला आहे’ एवढ्याने माझे समाधान होत नाही. तो किती आहे, कशासाठी आहे आणि शेवटचा कधी बदलला, हे सांगायला हवे.

हे सांगणे अवघड नाही. 2016 च्या घातक कचरा नियमांत औषधनिर्मितीतला वापरलेला कोळसा स्पष्ट नोंदवलेला आहे, आणि घातक कचऱ्याची गाडी नोंदपत्राशिवाय हलवता येत नाही. शिरूर तालुक्यात रांजणगावला अशा कचऱ्याची सामायिक सोय आहे. म्हणजे कोणत्या तारखेला किती कोळसा बाहेर पडला, हे कागदावर असतेच. ते आकडे कारखान्याच्या फाटकावर आणि जवळच्या ग्रामपंचायतींत दर तिमाहीला लावावेत. वर्षभर वास येत असेल आणि कोळसा एकदाही बाहेर पडला नसेल, तर गावकऱ्यांना ते तारखेनिशी विचारता येईल.