डॉक्टरांचा पोशाख आणि रुग्णाचा विश्वास

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील डॉक्टर काळा कोट वापरीत; ते गांभीर्याचे चिन्ह होते. जंतुशास्त्र रुजले, तसा प्रयोगशाळेतील पांढरा कोट रुग्णालयात आला. अमेरिकी चित्रकार थॉमस ईकिन्स यांच्या १८७५ च्या चित्रातील शल्यचिकित्सक काळ्या कोटात आहेत, तर १८८९ च्या चित्रातील शुभ्र वस्त्रांत.

शुभ्र रंगावरचा हा विश्वास अजून टिकून आहे. अमेरिकेतील १० रुग्णालयांत ४,०६२ रुग्णांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक रुग्णांनी डॉक्टरांचा पोशाख महत्त्वाचा मानला. औपचारिक कपड्यांवरील पांढऱ्या कोटाला सर्वाधिक पसंती मिळाली. मात्र लांब बाह्यांवाटे जंतू पसरू शकतात. म्हणून इंग्लंडमध्ये २००७ साली, रुग्णांना तपासताना कोपरापासून खाली हात उघडे ठेवण्याचे धोरण जाहीर झाले. धीर देणारा कोटच अपायाचे कारण ठरू शकतो, हे त्यामागचे भान होते.

पोशाख पहिल्या भेटीपुरता विश्वास मिळवून देतो. तो टिकतो डॉक्टरांच्या स्वच्छ हातांवर आणि ऐकून घेण्यावर. म्हणून रुग्णाने प्रश्न विचारण्यास संकोचू नये. आणि आपल्या शाळेतून डॉक्टर झालेल्यांनी रुग्णाच्या कपड्यांवरून त्याची योग्यता ठरवू नये.