बाणाखालचा ढग

जानेवारीत मृग नक्षत्र वर आलं, की बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. वांगणीच्या माळावर सहा इंची दुर्बीण लावली, तर त्या ठिपक्याचा ढग होतो. फोटोतला गुलाबी रंग इथे शोधू नये. एवढ्या मंद उजेडात डोळ्याला हिरवट-राखाडी धूसरपणाच कळतो. नजर किंचित बाजूला ठेवली, की कडा पसरत जातात. मधोमध चार तारे, आणि त्यांच्या दिशेने आत घुसलेली काळोखाची जीभ.

"तारे जन्मतात ते हेच ना?" दुर्बिणीसमोरच्या रांगेत कुणीतरी विचारतंच. हो म्हणायला मला जड जातं. हा उजेड बाळंतपण उरकल्यानंतरचा आहे. चौघांतला सर्वांत तेजस्वी तारा सुमारे 40,000 अंश तापलेला. त्याचे अतिनील किरण हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सोडवतात, ते पुन्हा जोडले जाताना वायू उजळतो. खरं काम चालतं ते या उजेडामागे, सुमारे 1,350 प्रकाशवर्षांवरच्या काळ्या, थंडगार मेघात.

तिथे तापमान उणे 250-260 अंशांच्या घरात, आणि ही थंडी हवीच. गरम वायू फुगतो, गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. धूळ वस्तुमानाने जेमतेम एक टक्का, पण बाहेरचा उजेड तीच अडवते आणि तिच्याच कणांवर हायड्रोजनचे अणू जोडीने रेणू होतात. मग एखादी दाट गाठ स्वतःच्या वजनाने कोसळू लागते. गिरकी वाढते, भोवती तबकडी तयार होते, दोन्ही ध्रुवांकडून वायूचे झोत सुटतात. गाभा एक कोटी अंशांपर्यंत तापला, की हायड्रोजन पेटतो. सूर्याएवढ्या ताऱ्याला तिथवर पोचायला काही कोटी वर्षं लागतात. भारी तारे फार उतावळे.

धुळीमुळे यातलं काहीच आमच्या दुर्बिणीत दिसत नाही. 1967 मध्ये बेकलिन आणि नॉयगेबाउअर या खगोलशास्त्रज्ञांना इथे अवरक्त किरणांत लखलखणारा एक तारा सापडला. साध्या प्रकाशात त्या जागी काहीच नव्हतं. पुढे हबल अवकाश दुर्बिणीने चार ताऱ्यांजवळच्या कोवळ्या ताऱ्यांभोवतीच्या तबकड्या टिपल्या. त्यांतल्या कित्येकींना धूमकेतूसारखी शेपूट आहे, तेजस्वी ताऱ्याच्या उलट दिशेला. त्याच्याच किरणांनी त्यांचा वायू उडून चालला आहे, आणि ग्रह घडायचे तर ते याच तबकड्यांतून घडायचे.