वकील, प्राध्यापक आणि नाटकवाला: नागपूरची ही मंडळी आपल्याला माहीत हवीत

वकील म्हटलं की आपल्या मोमिनपुऱ्यात, ताजबागेत लोकांना रजिस्ट्री आठवते, भाडेकरूचं भांडण आठवतं, नाहीतर तलाकचा खटला. मानवी हक्कांचा वकील म्हणजे कोण, हे आम्ही वर्गात विचारलं तर क्वचितच हात वर होतो. सरकारने एखाद्याला उचललं, त्याच्याकडे पैसा नाही, ओळख नाही, आणि आरोप एवढा भारी की नातेवाईकही घरी यायचे बंद होतात, अशा माणसाचं वकीलपत्र घेणारा तो मानवी हक्कांचा वकील. नागपुरात हे नाव म्हणजे ॲड. सुरेंद्र गडलिंग.

गडलिंग आधी गाणारे, नाटकवाले. वकील नंतर झाले. आंबेडकरी चळवळीतला हा तरुण आव्हान नाट्य मंचाच्या वाटेने पुढे आला. शाहीर विलास घोगरे, संभाजी भगत याच मंचाचे. वस्तीत डफ वाजवायचा, नाटक करायचं, लोकांना त्यांचीच गोष्ट सांगायची. पुढे तेच काम काळ्या कोटात सुरू झालं. गडचिरोलीचे आदिवासी, दलित पोरं, दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा, असे त्यांचे अशील.

6 जून 2018 ला पोलिसांनी एल्गार परिषद प्रकरणात पाच जणांना अटक केली. त्यांत गडलिंग होते. नागपूर विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या प्रा. शोमा सेन होत्या. आणि मूळचे नागपूरचे कवी-कलावंत सुधीर ढवळे होते. उरलेले दोघे महेश राऊत आणि रोना विल्सन. वकील, प्राध्यापक आणि नाटकवाला एकाच दिवशी आत. आरोप खरे की खोटे ते कोर्ट ठरवेल, तो निकाल आम्ही इथे देत नाही. पण निकालाआधीच माणसाची किती वर्षं जातात, ते समजून घेतलं पाहिजे.

गोम आहे यूएपीएच्या कलम 43-ड मध्ये. साध्या गंभीर गुन्ह्यात 90 दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. यूएपीएत कोर्ट ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवू शकतं, मात्र सरकारी वकिलाच्या अहवालावर. गडलिंग यांचं म्हणणं होतं की आपल्या बाबतीत मुदतवाढ पोलिसांच्या अर्जावर दिली गेली. ऑक्टोबर 2018 मध्ये हायकोर्टाने ते मान्य केलं. फेब्रुवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा आदेश रद्द केला. दुसरी अडचण याहून मोठी. आरोप वरवर खरे वाटले तरी जामीन नाकारावा, असं हे कलम सांगतं. साक्षीपुरावा तपासायची वेळ खटल्यात येते, आणि खटला सुरूच होत नाही.

शोमा सेन यांना जामीन मिळायला एप्रिल 2024 उजाडलं, ढवळे जानेवारी 2025 मध्ये बाहेर आले. त्या वर्षीही गडलिंग आतच होते, कारण त्यांच्यावर गडचिरोलीतल्या सुरजागडच्या जाळपोळीचाही खटला लावलेला आहे. ऑगस्ट 2020 मध्ये त्यांची आई कोरोनाने वारली, तेव्हा सुटका झाली नाही. वर्षभराने, पहिल्या स्मृतिदिनासाठी, हायकोर्टाने काही दिवस सोडलं.

आणि साईबाबा? 5 मार्च 2024 ला नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडलं. त्यांचा खटला लढलेला वकील त्या दिवशी तुरुंगात होता. साईबाबा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले.

नाटकाचा संबंध इथे संपत नाही. एल्गार परिषदेत म्हटलेल्या ज्या ओळींवर तक्रारीत बोट ठेवलं गेलं, त्यांतल्या काही जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकातून मराठीत आलेल्या होत्या. 2014 चा 'कोर्ट' सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. त्यात एका शाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप असतो. शाहिराची भूमिका केली होती नागपूरच्याच वीरा साथीदार यांनी. एप्रिल 2021 मध्ये तेही कोरोनात गेले. (सिनेमा संथ आहे, पण मुलांना दाखवाच.)

आपल्या समाजाला हा कायदा नवा नाही. मुंबईचे शिक्षक अब्दुल वाहिद शेख 7/11 च्या खटल्यात नऊ वर्षं आत राहिले, 2015 मध्ये निर्दोष सुटले. तुरुंगात त्यांनी 'बेगुनाह कैदी' लिहिलं, नंतर वकिलीही शिकले. उरलेल्या बाराही जणांची शिक्षा हायकोर्टाने जुलै 2025 मध्ये रद्द केली, तोवर 19 वर्षं गेली होती. इन्साफ मिळाला म्हणायचं तरी कसं?

म्हणून दोन गोष्टी घरात सगळ्यांना माहीत असू द्या. 15 मे 2024 च्या प्रबीर पुरकायस्थ निकालानुसार यूएपीएतही अटकेची कारणं आरोपीला लेखी द्यावी लागतात, ती मागा. आणि कोठडीतल्या माणसाला, तसंच कुठल्याही बाईला, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टातच त्यांचं कार्यालय असतं.

आमच्या शाळेतली हुशार पोरं डी.एड., बी.एड., नाहीतर युनानीकडे जातात. आम्हीही त्याच वाटेचे, त्यामुळे नावं ठेवत नाही. पण कायद्याला बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं लागतात, दोन्हींसाठी राज्याची सीईटी असते. उर्दू माध्यमाच्या मुलांनी मराठीची भीती घालवली तर तालुक्याच्या कोर्टातही उभं राहता येईल. फॉर्म भरायला मदत लागली तर शाळा सुटल्यावर आम्ही असतोच.